मायाची बिननंबरी गाडी

माझी बायको माया शेजवळ हिने आयुष्यात एकही नियम मोडलेला नाही आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास मला झाला आहे. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी ती लाल सिग्नलला थांबते. स्टेशनचा पूल चढताना तिचे गुडघे कुरकुरतात, पण रूळ ओलांडून पलीकडे जाईल तर शपथ. रेशनच्या रांगेत कुणी ओळखीच्याने पुढे बोलावलं, तर ही त्यालाच मागे यायला सांगते. अशा बाईला पोलिसांनी भर चौकात गुन्हेगारासारखं उभं केलं, तेही ज्या दिवशी तिला वेळेवर पोचायलाच हवं होतं त्या दिवशी. सांगताना माझा तोल गेला तर समजून घ्या. मी बबन शेजवळ, अंबरनाथ एमआयडीसीत लेथवर उभा राहून रिटायर झालेला माणूस. डोकं लवकर तापतं, हे मला ठाऊक आहे.

गाडी शिकायची हौस मायाला पन्नाशीनंतर आली. लायसन्ससाठी आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. माया पहिलं वळण ठीक घ्यायची आणि दुसऱ्या वळणावर पाय खाली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी चल म्हणालो, तर म्हणाली, "नको. तो साहेब आता मला नाही, माझ्या पायाला ओळखतो." शेवटी आमच्या मुलाने, सम्यकने, शोधून काढलं की बॅटरीवरची एक छोटी स्कूटर मिळते. ताशी पंचवीसच्या वर पळतच नाही. तिला लायसन्स लागत नाही, नंबर प्लेट लागत नाही, पासिंग लागत नाही. कायद्याच्या लेखी ती जवळजवळ सायकलच. मायाने दुकानदाराला "नक्की ना? नियमात बसतं ना?" असं विचारून विचारून भंडावून सोडलं आणि मगच फिकट निळी गाडी घरी आणली. हेल्मेटची सक्ती नव्हती, तरी घेतलं. शिवाय मलाही एक घेऊन दिलं. त्या गाडीवर हेल्मेट घालून मागे बसलेला मी कसा दिसतो, ते आमच्या बदलापूरच्या मांजर्लीतल्या पोरांना विचारा.

ही गाडी घेऊन ती जायची विहारात. मायाने बौद्धाचार्याचं शिक्षण घेतलंय. बौद्धाचार्य म्हणजे आमच्यात लग्न, नामकरण, मयतानंतरचं जलदान अशा वेळी उभा राहून विधी लावणारा माणूस. माणूस म्हणजे पुरुष, असंच सगळे धरून चालतात. मायाने रीतसर शिबिर केलं, परीक्षा दिली, चांगल्या मार्कांनी पास झाली. पुढे दोन वर्षं तिच्या वाट्याला काय आलं, तर मेणबत्त्या पेटवणं आणि फुलं नीट मांडणं. विधी लावायचे कोंडाजी मामांनी. कोंडाजी मामा म्हणजे विहारातले सगळ्यात जुने बौद्धाचार्य. माणूस वाईट नाही. रविवारी प्रवचनाला बसले की अंधश्रद्धेची सालटी काढतात. पण बाईचा विषय निघाला की म्हणणार, "शिकली हे चांगलंच झालं. पण लग्नाची जबाबदारी वेगळी असते बाबा. घरातलं काही निघालं, उशीर झाला, की चारशे माणसं ताटकळणार."

मग प्रीतीचं लग्न ठरलं. प्रीती आमच्या चाळीतली. लहानपणी मायाच्या रविवारच्या वर्गाला यायची, आता बँकेत आहे. तिने घरात सांगून टाकलं की माझं लग्न मायामावशी लावणार, नाहीतर रजिस्टर करते. नवरा मुलगा आकाश उल्हासनगरचा. तो तयार होता, त्याच्या घरचे कुरकुरत होते. शेवटी कोंडाजी मामांनी तोडगा काढला. उल्हासनगरच्या हॉलवर साडेबाराला विधी सुरू व्हायचा. माया वेळेवर उभी असेल तर तिने लावायचा, नसेल तर मामांनी. "आणि हे जमलं नाही," ते तिच्या तोंडावर म्हणाले, "तर बायकांनी लग्न लावायचा विषय विहारात पुन्हा काढायचा नाही." माया बरं म्हणाली. तिच्या जागी मी असतो तर बरं म्हणालो नसतो.

लग्नाच्या दिवशी मी म्हटलं, रिक्षाने जाऊ. तर म्हणाली, "रिक्षा मध्येच बंद पडली तर? ट्रॅफिकमध्ये अडकली तर? माझी गाडी माझ्या हातात आहे." पांढरी साडी नेसून, विधीच्या सामानाची पिशवी पायाशी ठेवून ती निघाली, ती लग्नाच्या तब्बल दोन तास आधी. बदलापूर सोडलं, अंबरनाथ सोडलं. अख्ख्या रस्त्यात आम्ही कुणालाच ओव्हरटेक केलं नाही. उल्हासनगरात फर्निचर बाजाराच्या अलीकडे एक सिग्नल आहे. तो लाल झाला आणि माया थांबली.

आता त्या चौकाचं वर्णन करतो. आमच्या डावीकडून एका बाइकवर तिघं पोरं सिग्नल तोडून गेली. उजवीकडून एक टेम्पो उलट्या दिशेने आला. एक जण मोबाइल कानाला लावून, मान वाकडी करून, हवालदाराच्या अंगाला घासून गेला. थांबलेलं वाहन एकच होतं, आमचं. बाकी सगळे पळून गेल्यामुळे हवालदाराला पकडायला आम्हीच उरलो. तो मागून आला, गाडीचा मागचा भाग बघितला आणि किल्ली काढून घेतली.

"मावशी, साइडला घ्या. नंबर कुठाय?"

"हिला नंबर नसतो, दादा."

"नसतो म्हंजे? नवीन आहे काय?"

"नाही. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं बिगर नंबरची फिरवताय? लायसन दाखवा."

"लायसनही लागत नाही हिला."

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. "काका, ठीक आहेत ना ह्या?"

मायाने शांतपणे सगळं समजावून सांगितलं. पंचवीसचा वेग, छोटी मोटर, सरकारी नियम. गाडीचं सर्टिफिकेट दाखवलं. मोबाइलवर नियम उघडून दाखवला. त्याने मोबाइल हातात घेतला, खालीवर केला आणि परत दिला. "मावशी, इंटरनेटवर काय पण येतं. गाडी म्हटली की नंबर. माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत बिगर नंबरची गाडी मी फक्त चोरीची बघितलीय." गाढवापुढे वाचली गीता म्हणतात ती अशी.

मग त्याने चलानचं मशीन काढलं. मशीनने पहिलाच प्रश्न विचारला, गाडीचा नंबर. हवालदार मायाला म्हणाला, "नंबर सांगा." ती म्हणाली, "नाहीये." मग त्याने लायसनचा नंबर मागितला. तोही नाही. मग गुडघ्यावर बसून गाडीखाली डोकं घालून चासीचा नंबर शोधला, तो मशीनमध्ये घातला. मशीन म्हणालं, नोंद सापडत नाही.

"अहो, तुमच्या मशीनला कळलं! त्याला पण माहितीय की हिची नोंद नसते!" मी ओरडलो.

"काका, आवाज खाली. सरकारी कामात अडथळा आणू नका."

"काम करताय कुठे तुम्ही? दंड लावता येत नाही तर सोडा ना!"

"दंड लावल्याशिवाय सोडता येत नाही."

"मग लावा!"

"मशीन घेत नाही ना."

मला तिथेच रस्त्यावर डोकं आपटावंसं वाटलं. माया म्हणाली, "अहो, तुम्ही जरा त्या झाडाखाली उभे राहा." म्हणजे पोलीस तिला त्रास देणार आणि उन्हातून बाजूला करणार मला. मी तिला म्हटलं, गाडी मरू दे, तू रिक्षा करून पुढे हो. ते हवालदाराने ऐकलं. "चालवणारी व्यक्ती निघून गेली तर गाडी चोरीची म्हणून जमा होईल. साहेब येईपर्यंत थांबायचं." आणि माया थांबली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची म्हटली, तरी संन्याशाने निदान पळायचा प्रयत्न करावा की नाही!

साहेब कुठल्या तरी बंदोबस्ताला गेलेले. साडेबारा तिथेच वाजले. माझा फोन वाजला, कोंडाजी मामा.

"बबन, कुठे आहात? मंडळी बसलीत."

"उल्हासनगरातच आहोत मामा. पोलिसांनी धरलंय मायाला."

"पोलिसांनी? काय केलं तिने?"

"काहीच नाही केलं!"

"पोलीस उगाच धरतात होय?" पलीकडे जरा वेळ बाजा ऐकू आला. "बरं, राहू दे. मी उभा राहतो." फोन ठेवला.

मी मायाला सांगितलं. पिशवीतून तिने मेणबत्त्या काढल्या, उन्हाने वाकल्या आहेत का ते बघितलं आणि सावलीच्या बाजूला सरकवून ठेवल्या. मला इतका राग कुणाचा आला असेल तर तिच्या त्या शांतपणाचा.

शेवटी साहेब आले. त्यांना नियम माहीत होता! "हां, ती स्लो वाली असते. पण लोक आतली सेटिंग बदलून पन्नास-साठने पळवतात. घे रे, चालवून बघ." हवालदार चांगला भरलेला गडी. तो बसल्यावर गाडी कण्हली. चौकापुढच्या पुलाच्या चढावर त्याने पूर्ण रेस दिली. मागून एक पाववाला सायकलवर दोन पोती लादून आला, घंटी वाजवत हवालदाराच्या पुढे गेला आणि पुढे गेल्यावर मागे वळून चक्क त्याला बघत राहिला. चढ संपायच्या आधीच हवालदाराने पाय खाली टेकले. परत येताना तो गाडी ढकलत आला.

साहेब हसले. "जावा मावशी." चुकलं असं कुणीही म्हणालं नाही. उलट साहेबांनी सल्ला दिला, "एक काम करा. एखादी नंबर प्लेट लावून टाका. कुठला पण नंबर चालेल. आमच्या पोरांना प्लेट दिसली की कोण विचारत नाही."

"खोटा नंबर?" मायाला धक्काच बसला. "साहेब, तो गुन्हा आहे." ती त्यांनाही समजावायला लागणार होती. मी तिला दंडाला धरून गाडीवर बसवलं.

पुढच्या रस्त्यात मी सारखा म्हणत होतो, चल, चल. गाडी पंचवीसच्या पुढे जाणार नव्हती आणि तेवढ्यात पुढचा सिग्नल लाल झाला. माया थांबली. मी मागे बसून दातओठ खात होतो. मग मला दिसलं की तिचे खांदे हलतायत. छत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला मोजक्या वेळा रडताना पाहिलंय. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. सिग्नल हिरवा झाला.

हॉलच्या बाहेर जेवणाचा वास सुटला होता. लाउडस्पीकरवर कोंडाजी मामांचा आवाज येत होता. माया पायरीवरच थबकली. "झालं वाटतं," म्हणाली. मी तिला ढकलतच दारापर्यंत नेलं.

झालं नव्हतं. स्टेजवर बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मामा माइक धरून एकटेच उभे होते. प्रीती आणि आकाश स्टेजवर नव्हतेच. खाली पहिल्या रांगेत, पांढऱ्या कपड्यांत, खुर्च्यांवर मांडी ठोकल्यासारखे बसले होते.

"प्रीती, बाळा, ऐक," मामा माइकमधूनच म्हणत होते. "वेळ टळून गेली. लोक खोळंबलेत. वरती ये."

प्रीतीला माइकची गरज नव्हती. "कसली वेळ टळली मामा? आपल्यात मुहूर्त असतो का?"

मामांनी घड्याळाकडे बघितलं.

"दर रविवारी तुम्हीच सांगता ना, मुहूर्त-बिहूर्त सगळं थोतांड आहे, आपली माणसं जमली की तीच चांगली वेळ. मग माझं एक माणूस यायचंय अजून. ती आली की वेळ झाली. हॉलवाल्याचा मुहूर्त चारचा आहे, तोपर्यंत मी बसते इथेच."

कुणीतरी हसलं. मग बायकांच्या बाजूने एकीने टाळी वाजवली. मामांनी माइक तोंडापासून लांब धरला. स्वतःचंच बोलणं खोडून काढणार कसं? तेवढ्यात त्यांना दारात माया दिसली.

माया मधल्या वाटेने गेली. हेल्मेट तिने माझ्या हातात कोंबलं होतं, पण त्याचा वळ कपाळावर तसाच होता, केस चिकटलेले, साडीच्या काठाला रस्त्याची धूळ. मामांनी तिला माइक दिला आणि एक पाऊल मागे सरले. खाली उतरले नाहीत, तिथेच उभे राहिले. मायाने मेणबत्ती पेटवली. पहिल्यांदा आवाज बारीक निघाला, मग तिने घसा साफ केला आणि त्रिशरण सुरू केलं.

विधी लावणारा एक ओळ म्हणतो आणि जमलेल्या सगळ्यांनी ती त्याच्या मागून म्हणायची असते. मायाने पहिली ओळ म्हटली. चारशे माणसांनी हात जोडले. माइकच्या शेजारी उभे असल्यामुळे तिच्या मागून सगळ्यात मोठ्याने ऐकू आला तो कोंडाजी मामांचा आवाज. मीही हात जोडायला गेलो, पण काखेत दोन हेल्मेटं होती.