आकडे सांगणारं माणूस

बत्तीवाले काका म्हणजे गाड्यांच्या सेन्सरचा माणूस. डॅशबोर्डवर पिवळी बत्ती पेटली की लोक त्यांच्या गॅरेजमध्ये येत आणि ती विझवून घेऊन जात. नाव थट्टेत पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. "अहो, तुमचं खरं नाव मला आता कागद बघितल्याशिवाय आठवत नाही," असं त्यांची बायको चारचौघांत सांगायची.

ती रोज दुपारी डबा घेऊन गॅरेजवर यायची आणि संध्याकाळपर्यंत तिथेच रमायची. काका गाडीखाली, ती वर स्टीअरिंगपुढे, मांडीवर सेन्सरचे आकडे दाखवणारा स्कॅनर. इंजिन चालू ठेवून काका खालून एकेक वायर हलवायचे आणि ती आकडे सांगायची. आकडा अडखळला तर सेन्सर चांगला, वायर तुटकी. याहून खात्रीची रीत नाही, पण ते एकट्याचं काम नव्हे. इंजिनातलं आपल्याला ओ का ठो कळत नाही, असं ती म्हणायची. पण आकडा हलायच्या आधी तिचा आवाज हलायचा.

ती जाऊन आठ महिने झाले होते. लेक दुसऱ्या शहरात. रोज फोन करायची, इकडे या म्हणायची. हातात गाड्या आहेत, असं सांगून काका वेळ मारून न्यायचे. वायरी हलवून बघणं त्यांनी सोडून दिलं होतं. लक्षणं ऐकायची, अंदाज बांधायचा आणि सरळ नवा सेन्सर घालायचा. दहातल्या नऊ वेळा जमून जायचं.

दहावी वेळ फरशा वाहणाऱ्या एका ट्रकची निघाली. इंजिन तापलं की ट्रक बंद पडायचा आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशा थाटात चालू व्हायचा. इंजिनाचे फेरे मोजणारा सेन्सर गेला, असं म्हणून काकांनी तो बदलला. चार दिवसांनी ट्रक परत आला. नवा माल खराब निघाला असेल, म्हणून त्यांनी आणखी एक घातला. तिसऱ्या वेळी ट्रक दुसऱ्या ट्रकमागे दोर बांधून आला. ड्रायव्हर पन्नाशीचा, अंगाने काटकुळा. तो भांडला असता तर काकांना बरं वाटलं असतं. पण तो शांतपणे एवढंच म्हणाला, की गाडी चढावर बंद पडली आणि मागे शाळेची बस होती.

दोष वायरीत असणार, हे काकांच्या मनात मागच्याच खेपेला येऊन गेलं होतं.

खालूनच आकडे दिसावेत म्हणून त्यांनी स्कॅनरची वायर खिडकीतून खाली ओढून बघितली, पुरेना. हत्यारं मांडली, पुसली, पुन्हा मांडली. शेवटी जमिनीकडे बघतच म्हणाले, "जरा वर बसून आकडे सांगाल का?"

ड्रायव्हर चढला, त्याने इंजिन चालू केलं. काका खाली सरकले.

"सहाशे दहा," वरून आवाज आला. "सहाशे पाच. सहाशे दहा."

जाडाभरडा, परका आवाज. काकांचा हात वायरीवर होता, तो पुढे जाईना. डोळे भरून आले आणि तेलकट हातांनी पुसताही येईनात.

"काका, ऐकताय ना?"

"ऐकतोय. सांगत राहा."

हात हळूहळू पुढे सरकला. एका पट्टीपाशी वायर दाबली, तसा ड्रायव्हर "चारशे, शून्य" म्हणाला आणि इंजिन गप्प झालं. लोखंडी पट्टीला घासून घासून वायरीचं आवरण गेलं होतं, आतलं तांबं हिरवं पडलं होतं. काकांनी तेवढा तुकडा कापून नवा जोडला, वर नळी चढवली आणि वायर पट्टीपासून लांब बांधली. आधी काढलेले दोन्ही सेन्सर फडक्यात गुंडाळून ड्रायव्हरच्या हातात ठेवले.

"हे चांगलेच होते. चूक माझी."

"मग आधीच का नाही बघितलंत?"

"वर बसायला माणूस नव्हतं."

"मला सांगायचं की."

"तेच तोंडातून निघत नव्हतं."

चढावर फेरी मारून ड्रायव्हर तासाभराने समोरच्या रस्त्यावरून गेला, तेव्हा न थांबता त्याने खिडकीतून हात केला. तो ट्रक पुन्हा गॅरेजला आला नाही; यायचं कारणच उरलं नव्हतं.

त्यानंतर काका प्रत्येक गिऱ्हाइकाला वर बसवू लागले. कुणी घाईघाईत वाचायचं, कुणी मधेच आपल्या फोनमध्ये डोकं घालायचं, एका मास्तरांनी तर प्रत्येक आकडा फोड करून सांगितला. काम पुन्हा चोख होऊ लागलं. गाडी गेली की मात्र गॅरेज एकदम रिकामं वाटायचं. अशा वेळी काका दुरुस्तीला आलेल्या दुसऱ्या एखाद्या गाडीत, बायको बसायची तसे स्टीअरिंगपुढे जाऊन बसत, काच वर करत आणि रस्त्यावरून गॅरेजकडे कोण वळतंय ते बघत राहत.