हिरव्या टेंपोची पायरी

जितेंद्रच्या अंगठ्याला एक खोड होती. कुणाच्याही घरी गेला की बेल वाजवायच्या आधी तो अंगठा गेटच्या सांध्यांवरून फिरायचा. सांधा हाताला लागला की पहिल्याच घासाला खडा लागल्यासारखं तोंड व्हायचं. बायको हेमांगीने त्याला लग्नकार्यात खिशात हात घालून उभं राहायची तंबी दिली होती. पण खोड ती खोड.

उमेळ्यात त्याचं ग्रिल-गेटचं दुकान होतं. आजूबाजूच्या वाड्या गेल्या, इमारती आल्या, आणि त्या इमारतींच्या बाल्कन्यांत कबुतरं शिरत नाहीत याचं निम्मं श्रेय तरी जितेंद्रला द्यायला हवं. त्याची ग्रिल बघितली तर दोन गज कुठे जोडलेत ते शोधून सापडायचं नाही. ग्राइंडरने घासून घासून तो जोड असा गुळगुळीत करायचा की लोखंड एकसंध जन्माला आलंय असं वाटावं. "जोड दिसला की कारागीर हरला," हे त्याचं ब्रीद. गिऱ्हाइकाला घाई असली तरी तो ऐकायचा नाही. घाई असेल तर नालासोपाऱ्यात जा म्हणायचा. नालासोपाऱ्यावर त्याचा काय राग होता, देव जाणे.

त्याचे बाबा चंद्रहास बरोबर उलटे. खुर्चीचा पाय मोडला की सुतळी, छत्रीची काडी तुटली की तार. वस्तू चालली पाहिजे, ती दिसते कशी याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. सारं गाव त्यांना भाऊ म्हणायचं. भाऊंकडे पोपटी रंगाचा पिकअप टेंपो होता. पहाटे वाडीवाडीतल्या बायकांना त्यांच्या पाट्यांसकट घ्यायचं आणि दादरच्या बाजारात नेऊन सोडायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. कुणाची केळी, कुणाचा मोगरा, कुणाची वालाची शेंग. हिंदू बायका, ख्रिस्ती बायका, सगळ्या मागच्या हौद्यात पाट्यांना टेकून बसायच्या. सगळ्याजणी चढल्या की शेवटची बाई हौद्याच्या मागच्या लाकडी फाळक्यावर दोनदा थाप मारायची, तेव्हाच टेंपो हलायचा. थाप पडल्याशिवाय भाऊंनी कधी गिअर टाकला नाही. एखादीला घरून निघायला उशीर झाला तर बाकीच्या शिव्या घालायच्या, पण भाऊ गप्प बसून राहायचे. बाई मागे ठेवून गाडी पुढे नेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

आणि दसऱ्याला बाजार कितीही तेजीत असो, भाऊंची सुट्टी. टेंपोला झेंडूच्या माळा, आणि याच सगळ्या बायकांना घेऊन अर्नाळ्याच्या समुद्रावर चक्कर. भाड्याचं नावही काढायचं नाही. जितेंद्रची आई सरोजिनीसुद्धा त्यात असायची. भाऊ तिला दरवर्षी म्हणायचे, "आज तरी पुढं बस." ती दरवर्षी मागेच चढायची, आपल्या बायकांत.

दोन वर्षांपूर्वी भाऊ गेले. टेंपो त्याच्या आधीच थकून वाडीतल्या आंब्याखाली उभा होता. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या, आणि सरोजिनी त्यांना हाकलू देत नव्हती. भाऊ गेल्यापासून तिचं फिरणं घर आणि तुळस एवढ्यावर आलं होतं. भंगारवाला गेटशी आला की मात्र ती अशी काही बाहेर यायची की तो सायकल वळवून चालता व्हायचा.

एक दिवस जेवताना जितेंद्रने जाहीर करून टाकलं, "या दसऱ्याला बाबांचा टेंपो अर्नाळ्याला जाणार. आई, तू बसणार त्यात." सरोजिनीने ताटातून मान वर केली नाही. पण भात वाढायला हेमांगी उठली तेव्हा म्हाताऱ्या बाईचे डोळे भरलेले तिने पाहिले आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "आता मागे फिरायचं नाही हं."

मागे फिरायचा प्रश्नच नव्हता. जितेंद्रला वेड लागलं. इंजिन उतरवून ओळखीच्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेलं. हौद्याच्या कुजक्या फळ्या काढून सागवानी बसवल्या. गंजलेला पत्रा कापून नवा घातला, आणि जोड? तुम्ही शोधून दाखवा. रंगासाठी त्याने जुन्या पत्र्याचा तुकडा खिशात घेऊन दुकानं पालथी घातली, तेव्हा कुठे तो पोपटी जुळला. दुकानावर गिऱ्हाइकं थांबून राहिली, आणि पहिल्यांदाच त्याने कुणाला नालासोपाऱ्याला जा म्हटलं नाही, कारण तो दुकानात नव्हताच.

राहता राहिली ती पायरी. फाळक्याच्या खाली, डाव्या अंगाला. विहिरीवरचा रहाट मोडीत निघाला तेव्हा त्याची एक लोखंडी पट्टी भाऊंनी ठेवून दिली होती, तिचीच ही पायरी, कुणाचं तरी वेल्डिंगचं मशीन उसनं आणून स्वतः जोडलेली. तो जोड म्हणजे भज्यांचा घाणा होता. इथे गोळा, तिथे शेपूट. जितेंद्र तेव्हा एका वर्कशॉपमध्ये काम शिकत होता. सुट्टीत घरी आल्यावर ती बघून तो पोट धरधरून हसला होता. भाऊ एवढंच म्हणाले होते, "बघायला नाय केली. पाय ठेवायला केली."

आता त्या चकचकीत पोपटी गाडीला ती पायरी म्हणजे नव्या नवरीच्या नाकावरची पुटकुळी. जितेंद्रने ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या, पायरी खाली पडली. त्याने ती पायाने भंगाराच्या ढिगाकडे सरकवली, मागचा भाग घासून सपाट केला, वर रंगाचा हात मारला. पायरी कुठे होती याची खूणसुद्धा उरली नाही.

हेमांगी चहा घेऊन आली होती. "आईंना विचारलंत?"

"आईला काय कळतं वेल्डिंगमधलं? मी स्टीलची शिडी करतोय. आरशासारखी."

शिडी खरंच आरशासारखी झाली. तिच्यात तोंड बघून भांग पाडता आला असता.

दसऱ्याच्या सकाळी टेंपो अंगणात उभा राहिला. झेंडूच्या माळा, बॉनेटवर हळदकुंकू, पुढे नारळ. भाऊंच्या टेंपोतल्या बायका एकेक करून जमल्या. आता सगळ्या सत्तरीच्या आसपास, कुणाचे गुडघे गेलेले, कुणाचे दात. आपली मोगऱ्याची पाटी घेऊन मटिल्डामावशी आली, मागून फ्लोरामावशी. जितेंद्र पांढऱ्या झब्ब्यात उभा. "काय रे जितू, नवी घेतली?" मटिल्डा म्हणाली, आणि जितेंद्रची छाती झब्ब्यात मावेना.

"चढा मावशी. तुमचा पहिला मान."

तो शिडी आणायला वळला, तेवढ्यात मटिल्डाने पाटी डाव्या हाताने सावरली, उजव्या हाताने फाळक्याची साखळी धरली आणि खाली न बघता पाय उचलून टाकला. पाय हवेत गेला. हेमांगी धावली नसती तर बाई पाटीसकट आडवी झाली असती. हसाहशी झाली. "म्हातारी झालीस गो," म्हणत फ्लोरा पुढे आली, साखळी धरली आणि तिनेही तसाच, त्याच जागी, न बघता पाय उचलला. तोही हवेत.

मग हसणं थांबलं. सरोजिनी पुढे आली. तिनेही पाय उचलला, पण टाकला नाही. तो तसाच अधांतरी धरून तिने खाली वाकून पाहिलं.

"पायरी कुठं हाय?"

"आई, शिडी केलीय ना. ही बघ, पाय घसरायचा नाही."

सरोजिनीने शिडी पाहिली. सागवानी फळ्यांवरून हात फिरवला. मुलाच्या मेहनतीचं तिला कौतुक नव्हतं असं नाही. ती चांगलं म्हणाली, मनापासून म्हणाली. "लय सुंदर केलीस. पन ही गाडी तुजी रे. ह्यांची नाय." एवढं बोलून ती ओट्यावर जाऊन बसली.

जितेंद्रच्या हातात शिडी तशीच राहिली. इतक्या दिवसांचं काम एका वाक्यात खाली आलं. त्याला राग आला, रडू आलं, दोन्ही एकदम.

मटिल्डाने त्याला बाजूला घेतलं. "तुला म्हाईत नाय वाटतं. पायरी बनवली त्या दिशी भाऊंनी तुज्या आयला टेंपोच्या मागं उबी केलती. डोक्यावर भरलेली पाटी दिली, न् बोलले, पाय उचल. तिचा पाय जिथं गेला तिथं खडूनं रेघ मारली. तिच्या पायाचा माप तो. आमी सगल्या त्याच मापानं चडलो."

जितेंद्र भंगाराच्या ढिगाकडे गेला. त्याच्या नशिबाने सरोजिनीच्या धाकाने भंगारवाला या गेटकडे फिरकत नव्हता. पायरी पत्र्यांच्या कातरणाखाली सापडली. झब्ब्याच्या बाह्या वर करून त्याने टेंपोच्या बॅटरीची वायर काढली, घरातून केबल ओढली, मशीन आणलं. पण जोडायची कुठे? जुनी खूण त्याने स्वतःच घासून टाकली होती, आणि इतकी छान घासली होती की त्याच्या अंगठ्यालाही सापडेना.

तो ओट्याशी गेला. "आई, ऊठ. पाटी घे डोक्यावर."

सरोजिनीने त्याच्या हातातली पायरी पाहिली आणि उठली. "रिकामी नाय चालायची, वजन पायजे," म्हणत मटिल्डाने पाटीत पूजेचा नारळ आणि केळ्यांची फणी घातली. सरोजिनी टेंपोच्या मागे उभी राहिली, साखळी धरली, पाय उचलला. पाय वर गेला, पण मघाशी रिकाम्या डोक्याने गेला तेवढाही गेला नाही. ती पुन्हा जोर लावू लागली. "थांब, जातो वर. तवा गुडघ्यापर्यंत जायाचा."

जितेंद्र खडू घेऊन खाली बसला होता. "आई, जोर लावू नकोस. सहज जातो तिथंच ठेव."

मटिल्डाने फ्लोराकडे पाहिलं. "भाऊ पन हेच बोलले होते," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.

खडूची रेघ जुन्या जागेच्या चांगलीच खाली आली. तिथे गाडीला लोखंडच नव्हतं, म्हणून जितेंद्रने दोन लोखंडी अँगल कापले, फाळक्याच्या चौकटीखालचा नवाकोरा पोपटी रंग तारेच्या ब्रशने खरवडून काढला, अँगल खाली सोडले आणि त्यांच्यात बाबांची पट्टी बसवली. वेल्डिंग झाल्यावर सवयीने ग्राइंडर हातात आला. त्याचे स्वतःचे जोड ताजे, काळपट; त्यांच्या शेजारी बाबांचे गोळे आणि शेपट्या. त्याने अंगठा फिरवला. खडबडीत लागलं. ग्राइंडरची वायर काढून त्याने तो बाजूला ठेवून दिला.

लोखंड पाण्याने निववलं, पुसलं. त्याने स्वतः पायरीवर उभं राहून दोनदा उड्या मारून पाहिल्या. मग सरोजिनीने साखळी धरली, खाली न बघता पाय टाकला, आणि वर गेली. तिच्या मागून मटिल्डा, फ्लोरा, बाकीच्या सगळ्या. जुनी पायरी ज्यांना उंच वाटायची, पण ज्या लाजेने कधी बोलल्या नव्हत्या, त्याही.

"जोड लय बेकार दिसतोय हं जितू," वरून मटिल्डाने चिडवलं.

"बघायला नाय केला तो," सरोजिनी म्हणाली.

जितेंद्र केबिनमध्ये चढला, हेमांगी शेजारी. किल्ली फिरवून तो थांबून राहिला. मागे बडबड, हसणं, सतरंजीवरून भांडण. मग फाळक्यावर दोन थापा पडल्या, आणि त्याने गिअर टाकला.

अर्नाळ्याला पोरांनी, म्हाताऱ्यांनी, मासळीवाल्यांनी टेंपोभोवती गराडा घातला. रंग काय, फळ्या काय, वा! एरवी अशा कौतुकाने जितेंद्र दोन दिवस जमिनीवर आला नसता. आज तो येईल त्याचा हात धरून गाडीच्या मागे नेत होता आणि सगळ्यात वेडीवाकडी वस्तू बोटाने दाखवत होता.

"ही बघा. ही आमच्या बाबांनी केली," तो सांगत होता. "मी फक्त थोडी खाली आणली."