मार्ताच्या गावची ओटी

ऑक्टोबरमधला दुसरा शनिवार, सकाळ. स्पेनच्या उत्तरेकडचं, डोंगरातलं एक लहान गाव. हजर : मी, माझा नवरा सतीश, सासूबाई, मुलगा रोहन, त्याची नवी बायको मार्ता आणि चर्चची चावी घेऊन आलेली मार्ताची आजी. सगळे वेळेवर.

इथवरचं कुणालाही सांगता येतं. सांगितलंही आहे – इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला, जेवायला आलेल्यांना फोटो दाखवताना. पुढचं कधीच सांगितलेलं नाही. सतीशलाही नाही.

चर्च खूप जुनं, मध्ययुगातलं. जाड दगडी भिंती, अर्धगोल कमानी, हात जेमतेम जाईल एवढ्या खिडक्या. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. समोर लाकडाची मेरी, रंग उडालेली, मांडीवर बाळ. तिचा फोटो आईंनी – सासूबाईंना मी आईच म्हणते – लग्नाआधीच मार्ताच्या फोनवर पाहिला होता.

"ही तर देवीच की! नातसुनेच्या आजोळची देवी. लग्न झालं की हिची ओटी भरायला जायचं."

"आजी, शी इज नॉट आवर देवी," रोहन हसत म्हणाला.

"मांडीवर लेकरू आहे ना? मग झालं तर."

मी काय केलं? प्रवासाच्या यादीत 'ओटी' लिहिलं. मी तशीच आहे. हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनांची वेळापत्रकं लावते, घरीही तेच चालतं. विमानात हातातल्या पिशवीतून नारळ नेता येतो का, तेही तपासलं. येतो. हे मला आधीपासून माहीत होतं – एवढं लक्षात असू द्या.

पुरचुंडी आईंनी स्वतः बांधली. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. ती आपल्या खांद्याच्या पिशवीत ठेवली आणि मला म्हणाल्या, "मी नुसती शेजारी उभी राहीन हो. ओटी तू भरायची. सवाष्ण तू आहेस." सासरे गेल्यापासून त्या स्वतः ओटी भरत नाहीत.

मी 'हो' म्हटलं. आणि मग – मग मला ते दिसायला लागलं. मी, पदर नसलेल्या कोटात, त्या मूर्तीपुढे वाकून नारळ ठेवते आहे. मार्ताच्या घरचे बघताहेत. कुणीतरी फोन काढलाय. कुणीतरी मार्ताला विचारतंय, तुझी सासू हे काय करतेय? आईंना मी सरळ 'मला लाज वाटते' म्हणू शकले असते. काय झालं असतं? त्या रुसल्या असत्या. जेवणाच्या वेळेपर्यंत बोलल्या असत्या.

निघायच्या दिवशी बॅगा गाडीत भरताना मी ती पुरचुंडी काढली आणि गराजमध्ये, बर्फावर टाकायच्या मिठाच्या पोत्यांमागे ठेवली. पुढची बॅग उचलली.

एअरपोर्टवर आई व्हीलचेअरवरून दुसऱ्या रांगेतून गेल्या. पिशवी माझ्याकडे होती. पलीकडे भेटल्यावर मी म्हटलं, "आई, नारळ काढून घेतला त्यांनी. खणासकट गेला."

"अगं बाई! मोठ्या बॅगेत ठेवायला हवा होता का?"

मी म्हटलं, "हो ना. हातातल्या पिशवीत चालत नाही."

कुणी विचारलं होतं मला एवढं? नुसतं 'गेला' म्हणून भागलं असतं. पण मी चूक त्यांच्या पदरात घातली.

"डोंट वरी आजी," रोहन म्हणाला, "सिक्युरिटीवाले मस्त चटणी करतील." आई हसल्या. मीही हसले.

चर्चच्या दारात आईंनी बूट काढले. दगडी फरशीवर नुसत्या मोज्यांनी चालत मूर्तीपर्यंत गेल्या. तिथे, मूर्तीच्या पायाशी, भरतकाम केलेलं एक कापड होतं. त्यावर अक्रोड, गव्हाच्या ओंब्या, दोन सफरचंदं. मार्ताने सांगितलं, गावातल्या बायका सुगीनंतर ठेवतात. नवी नवरी असली तर तिच्या घरचे ठेवतात.

आई माझ्याकडे वळल्या. "बघ. यांच्याकडेही ठेवतात." आणि आपले रिकामे हात मूर्तीपुढे जोडले.

मार्ताच्या आजीने कापडावरचा एक अक्रोड उचलून आईंच्या हातात दिला. त्याचा फोटो आहे. छान आलाय. मीच काढला.

त्या हिवाळ्यात मार्ताचं पोटातलं बाळ गेलं, चौथ्या महिन्यात. डॉक्टरांनी कारण सांगितलं. आम्हाला सगळ्यांना ते कळलं, आईंनाही. त्यांनी मान डोलावली. नंतर स्वयंपाकघरात, मी भांडी डिशवॉशरमध्ये लावत असताना, म्हणाल्या, "माझ्यामुळे ओटी राहिली गं. एवढं वय झालं, पिशवीत काय ठेवावं, कळलं नाही मला."

माझ्या हातात ताटली होती. मी ती लावली. 'असं काही नसतं आई' म्हटलं. तेवढंच. ताटल्या संपल्यावर मशीन सुरू केलं.

मी नवस, कोप असलं काही मानत नाही. पण त्या मानतात, आणि ते मला माहीत होतं. मग मी गप्प का राहिले? खूपदा विचारलंय स्वतःला. वाईट वाटत नाही फारसं – हेही सांगायला हवं. त्यानंतर, आपल्यामुळे तिला आणखी काही नको म्हणून, आईंनी मार्ताला हळदीकुंकवाला बोलवायचं सोडलं. मार्ता विचारते, "आजी अपसेट आहेत का माझ्यावर?" मी म्हणते, छे, दमतात हल्ली.

पुरचुंडी अजून गराजमध्येच आहे. नारळ हलवला तर आत खुळखुळतो.

मार्ताला पुन्हा दिवस गेलेत. गेल्या रविवारी कळलं. संध्याकाळी आई मला जवळ बोलावून अगदी हळू म्हणाल्या, "तिच्या आजीला नारळ पोस्टाने पाठवता येतो का, बघशील? या वेळी मी हात लावत नाही. पॅकिंग सगळं तूच कर."

मी बघितलं. येतो. नवा नारळ, नवा खण आणला. मार्ताकडून पत्ता घेतला, खोकं आणलं, लेबल लावलं.

गराजमधल्या पुरचुंडीचं मात्र आईंना सांगायचं राहिलं आहे.