गोष्टीचा तास

शाळेत त्यांना सगळे गोष्टवाल्या बाई म्हणत. घरी नवराही म्हणे, पण जरा खवचटपणे. एकोणीस वर्षं त्यांची पद्धत एकच. आधी बाईंनी गोष्ट सांगायची, मग एखाद्या मुलाने ती आपल्या शब्दांत परत सांगायची आणि बाईंनी ती जशीच्या तशी फळ्यावर उतरवायची. मग वर्गाने वहीत लिहून घ्यायचं. शेवटची पायरी मुलांनी स्वतः लिहिण्याची. ती दरवर्षी राहूनच जायची. पोरं इतकं झकास सांगत, त्यांना मध्येच काना-मात्रेच्या तोंडी कोण देणार?

यंदा हेडसरांनी स्पष्टच बजावलं, "बाई, लेखनात वर्ग नापास झाला तर गोष्टीचा तास बंद. त्याजागी शुद्धलेखन."

बाई घाबरल्या नाहीत. त्यांच्याकडे टकळी होती ना! इस्त्रीवाल्याची ही मुलगी नऊ वर्षांची, पण तोंडाचा पट्टा असा की कोल्ह्याची गोष्ट ऐकवली तर ती कोल्ह्याची सासूही आणायची, आणि सासूची गुडघेदुखीही. फळा अपुरा पडायचा. ही पोर असताना कसली भीती, असं बाई घरीही बोलून गेल्या.

परीक्षेत चित्र होतं: विहीर, तुटलेला दोर आणि काठावर म्हातारी. तीसपैकी चोवीस मुलांनी दोन ओळींच्या पुढे मजल मारली नाही. टकळीचा कागद तर कोराच. हेडसरांनी त्याच दुपारी नवं वेळापत्रक लावलं.

बाईंनी टकळीला एकटीला बोलावलं. "गोष्ट सुचली नाही का गं?"

"सुचली की! केवढी मोठी! पण बाई, लिहायला कोणी आलंच नाही. मी किती वेळ हात वर करून बसले होते."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकोणीस वर्षं सगळ्यांच्या वाटचं आपणच लिहीत आलो, हे त्यांना आज कळत होतं.

"बरं, मला सांग."

"म्हातारीनं दोर मुद्दाम कापला. सून रोज तिलाच पाणी ओढायला लावायची ना!"

बाईंचा हात खडूकडे गेलाच होता. त्यांनी तो मागे घेतला आणि पेन्सिल पोरीच्या हातात दिली. "आता हेच लिही. अगदी असंच."

टकळीने टोक कागदावर टेकवलं. ओठ हलले, थांबले. बराच वेळ ती आपल्या बोटांकडे बघत राहिली.

"बाई, गेली ती गोष्ट," म्हणाली, आणि पेन्सिल तिने परत बाईंच्या हातात ठेवली.