दारात पत्रा कमी, पुट्टीच जास्त!

मंडळी, सायबर कॅफेत बसलोय, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून आपल्या ईमेल ग्रुपवर लिहितोय.

माझी मारुती रोज मार्केटच्या पार्किंगमध्ये असते. शेजारच्याने दार आपटून उघडलं की माझ्या दारावर एक पोचा! गेल्या वर्षी एका मोठ्या गॅरेजात असे सगळे पोचे काढून घेतले. दार अगदी आरशासारखं झालं होतं.

आज नवे दोन पोचे दिसले. पर्वत पाटिया भागात पोचे काढणाऱ्या एका डेंटरकडे गेलो, आपल्या धुळ्याकडचाच माणूस. त्याने खिशातून लोहचुंबक काढून दारावर लावलं. वरच्या बाजूला चिकटलं. मधे लावलं तर टपकन खाली पडलं.

"भाऊ, इथला पत्रा कोणी सरळ केलेलाच नाही. खड्ड्यात पुट्टी भरून वरून रंग मारलाय."

मी भडकलोच. "चोर आहेत साले! वरून चकाचक आणि आत खड्डा? गिऱ्हाईक काय आंधळं आहे?" पाच मिनिटं माझा तोंडाचा पट्टा चालूच होता.

दारात आतून सळई घालत त्याने शांतपणे विचारलं, "तुमचं काम काय, भाऊ?"

"साड्यांची घडी आणि पॅकिंग."

"मग डाग पडलेली साडी आली, तर डाग घडीच्या वर ठेवता का आत?"



त्या गॅरेजवाल्याला मी सोडणार नाहीच. पण सकाळीच पॅक केलेल्या तीन डागी साड्या माझ्याकडे पडल्यात. सांगा, आधी त्याला झापू, की आधी त्या उघडू?