मधल्या थांब्याचे दोन तास

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं टाइमकीपरची नोकरी केली. भट्टी कधी विझत नसे, त्यामुळे कारखाना तीन पाळ्यांत चाले आणि फाटकाजवळच्या जाळीच्या खिडकीत बसून हे प्रत्येकाच्या कार्डावर वेळ उठवत. तीन मिनिटं उशीर म्हणजे लाल शाई, दहा मिनिटं म्हणजे अर्धा दिवस गेला. कामगार त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'घड्याळसाहेब'. पाठीमागचं नावच शेवटी चिकटलं. निरोपसमारंभात मॅनेजरने भाषणातसुद्धा तेच घेतलं आणि भेट म्हणून, दुसरं काय देणार, भिंतीवरचं घड्याळ दिलं.

अशा माणसाचं म्हातारपण पाळ्यांतच गेलं, तर नवल नाही.

मुलगा परदेशात. सून नोकरी करणारी, घरात दोन लहान मुलं. पहिल्या वर्षी नवराबायको दोघं मिळून गेले. व्हिसा सहा महिन्यांचा. ते परतायच्या आठवड्यात मुलगा म्हणाला, "बाबा, दोघं एकदम येऊन एकदम गेलात की आमचे पुढचे सहा महिने बोंबलतात. त्यापेक्षा पाळीपाळीने या. सहा महिने आई, सहा महिने तुम्ही. वर्षभर मुलांकडे घरचं माणूस राहील."

पाळी हा शब्द त्याने सहज वापरला होता. घड्याळसाहेब मात्र पुढचा सगळा दिवस खोलीत एकटेच बॅगा भरत बसले. रात्री बायको म्हणाली, "अहो, नातवंडांसाठीच ना? मग फुगून कशाला बसायचं?" ते म्हणाले, "मी कुठे फुगलोय?" विषय संपला.

गेली तीन वर्षं हे असं चालू होतं. ती तिकडून निघाली की हे इकडून निघायचे. मुलगा मधे दोन दिवस रजा घेई, म्हणजे पाळीत खंड पडायला नको. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झालेली माणसं, पण एका छपराखाली एकत्र अशी नव्हतीच.

फोन होता म्हणा. पण तो मुलाच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, कायम स्पीकरवर. एकीकडे मिक्सर, एकीकडे नातू, मधेच सून "बाबा, बरे आहात ना?" अशी डोकावून जाई. अशा फोनवर माणूस गोळ्या घेतल्या का आणि जेवण झालं का, एवढंच विचारू शकतो. त्या दोघांनी तीन वर्षं तेवढंच विचारलं.

पण टाइमकीपर तो टाइमकीपरच. पहिल्या पाळीबदलाच्या वेळी त्यांनी विमानांची वेळापत्रकं काढून बसून अभ्यास केला. थेट विमान नव्हतं, दोघांनाही मधे एका तिसऱ्याच देशात विमान बदलावं लागे. त्यांनी मुलाला दोन नेमकी विमानं सांगितली. बायकोचं विमान तिथे नऊ पंचावन्नला उतरायचं, यांचं नऊ वीसला. तिचं पुढचं दोन दहाला, यांचं दोन चाळीसला. कागदावर चार तास. पण कागदावरचा वेळ आणि हातात पडणारा वेळ यांतला फरक त्यांच्याइतका कोणाला ठाऊक असणार? उतरायला वीस मिनिटं. तिथे बदलप्रवाशांचीही पुन्हा अंगझडती होते, त्याची रांग पाऊण तास. मग एका इमारतीतून दुसरीत चालत पंधरा मिनिटं. पुढच्या विमानाच्या गेटवर तासभर आधी हजर. राहिले दोन तास.

वर्षातून दोनदा, दोन-दोन तास.

मुलगा विचारी, "बाबा, दरवेळी हीच विमानं का?" हे म्हणत, "यांचं जेवण बरं असतं." खरं कारण सांगायची त्यांना लाज वाटे. तुझ्या आईला भेटायचं असतं, असं पोटच्या पोराला या वयात कोणत्या तोंडाने सांगायचं? बायकोलाही त्यांनी निमित्तच सांगितलं होतं: "घराची किल्ली हातात दिलेली बरी." वास्तविक दुसरी किल्ली शेजारच्या निवृत्त नर्सबाईंकडे होतीच. बायकोने तसं बोलून दाखवलं नाही. "हो, हातात दिलेली बरी," एवढंच म्हणाली.

पहिल्या खेपेला ती बाहेर जाणाऱ्यांच्या घोळक्यामागे चालत गेली आणि सामानाच्या पट्ट्यापाशी, जकातवाल्यांच्या दारात जाऊन अडकली. तिथून परत आत यायला पन्नास मिनिटं गेली. ते पन्नास मिनिटांचं दुःख घड्याळसाहेबांना इतकं लागलं की त्यांनी चौकटीच्या कागदावर नकाशा काढून दिला. गर्दीच्या मागे जायचं नाही. बॅगेचं चित्र दिसलं की मागे फिरायचं, विमानाचं चित्र दिसलं की तिकडे वळायचं. बूट नको, चपला घाल. गुडघ्याचं मलम पारदर्शक पिशवीत, आणि मोठी ट्यूब नको, लहान घे. पाण्याची बाटली झडतीआधी रिकामी कर.

"मी काय परीक्षेला बसत्येय का?" ती म्हणाली होती. पण पुढच्या खेपेपासून ती बरोबर वेळेत येऊ लागली.

भेटायची जागा म्हणजे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि त्यांच्यासमोरच्या दोन पिवळ्या खुर्च्या. ती मुलाच्या घरून डबा करून आणी. दोघं त्यातच खात आणि ती त्यांना कामाचा ताबा देई. धाकटीला दूध गार लागतं. मोठ्याचे शाळेचे बूट चावतात, पण तो सांगत नाही. बाथरूमचा नळ दोनदा फिरवावा लागतो. ऐकता ऐकता हे किल्ली काढून तिच्या हातावर ठेवत. एकदा ती म्हणाली, "तुरुंगात भेटायला येतात ना, तसं वाटतं बघा. फक्त इथे दोघंही कैदी."

मागच्या खेपेला तिचं गेट उघडल्याची सूचना झाली, ती उठली आणि पिशवी खांद्याला लावता लावता म्हणाली, "अहो, हे किती वर्षं चालायचं?"

"बघू," ते म्हणाले.

त्या 'बघू'चं उत्तर ते पुढचे सहा महिने शोधत होते. या वेळची पाळी बदलायच्या सुमारास ते सापडलं, आणि सापडायलाही कारण घडलं. सुनेला तिसरं मूल होणार होतं. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही आलात की त्याच आठवड्यात पुढच्या पाच वर्षांचं पक्कं करू. पाळणाघरात आत्ताच नाव घातलं तर जागा मिळते. तुम्ही दोघं आहात म्हटल्यावर घालायचं नाही."

पाच वर्षं. घड्याळसाहेब तेव्हा शहात्तरचे होणार होते. त्यांनी मनाशी ठरवलं. या खेपेला नळापाशी बायकोला सरळ विचारायचं: तुझी तयारी आहे का? माझी नाही. आपण दोघं मिळून नाही म्हणू. एकट्याने म्हटलं तर मुलगा दुसऱ्याला गळ घालील, दोघांनी म्हटलं तर ऐकेल. पण आधी तिचं मन कळायला हवं. कदाचित तिला नातवंडांत राहायचंही असेल. आईचं काय सांगावं? ते स्पीकरवर विचारता येण्यासारखं नव्हतं. त्याला ते दोन तासच हवे होते.

ते पावणेअकरालाच नळापाशी पोचले. झडतीच्या ट्रेमधून पट्टा, घड्याळ आणि किल्ली आठवणीने परत घेतली होती. फलकावर तिचं विमान वेळेवर उतरल्याचं लिहिलं होतं. सव्वाअकरा झाले. साडेअकरा. त्या विमानातली माणसं, एकाच रंगाच्या चिठ्ठ्या लावलेल्या बॅगा ओढत, समोरून येऊन गेली. बारा वाजता ते उठून बदलप्रवाशांच्या काउंटरवर गेले.

"दुसऱ्या प्रवाशाची माहिती आम्हाला देता येत नाही," तिथली मुलगी म्हणाली.

"दुसरी नाही हो, बायको आहे माझी."

"तरीही नाही देता येत, सर." मुलगी वाईट नव्हती. तिने बोट दाखवलं, "त्या यंत्राला बोर्डिंग पास दाखवा, तुमच्या फोनला इंटरनेट मिळेल. त्यांनाच विचारा."

यंत्रापुढे त्यांची वीस मिनिटं गेली. शेवटी फरशी पुसणाऱ्या बाईने कागद त्यांच्या हातून घेऊन उलटा धरला, आणि फोन एकदम तीनदा वाजला. मुलाचा निरोप होता.

'बाबा, सरप्राइज. या महिन्यापासून थेट विमान सुरू झालं. आईचं तिकीट बदलून घेतलं. झडतीच्या रांगेत गुडघे दुखतात म्हणायची. तिला विमानतळावर नेऊनच सांगितलं. ती म्हणत होती जुनंच बरं, पण तिला काय, सवय नाही बदलाची. तुमचं मात्र बदलता आलं नाही, सॉरी.'

घड्याळसाहेबांनी ते उभ्यानेच दोनदा वाचलं. मग ते पिवळ्या खुर्चीवर येऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर एका माणसाने आपली बॅग ठेवली होती. "कोणी बसलंय का इथे?" त्याने खुणेने विचारलं. यांनी मान हलवली, नाही.

तिथे बसून त्यांना आठवली कारखान्यातली बाटल्या तपासणारी एक बाई. तिची पाळी दुपारी तीनला सुटे आणि नवऱ्याची, भट्टीवाल्याची, तीनला सुरू होई. ती बाहेर यायची आणि तो आत जायचा, त्या फाटकात दोघं पाच मिनिटं उभी राहत. किल्ली, डबा, दोन शब्द. भट्टीवाल्याच्या कार्डावर रोज लाल शाई. एकदा अकरा मिनिटं झाली आणि यांनी अर्धा दिवस कापला. बाई खिडकीशी आली. "साहेब, तेवढीच गाठ पडते हो आमची. मी झोपते तेव्हा तो भट्टीवर, तो झोपतो तेव्हा मी इथे."

"भेटायला घर आहे ना?" हे म्हणाले होते. खिडकीतून मान वर न करता.

जाळीवरचा तिचा हात तेवढा काही वेळ तसाच होता. नियमाने बघितलं तर यांचं काहीच चुकलं नव्हतं, आणि तीस वर्षं ते त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

दीड वाजता ते तिच्या गेटवर गेले. म्हणजे ती ज्या विमानाने घरी जायची, त्या गेटवर. लोक रांगेत होते. याच रांगेत घुसून परत घरी जावं, हा विचार त्यांना आला. पण बॅग पुढच्या विमानात चढलेली होती, आणि दारातल्या माणसाने पास बघून सांगितलं, "हे तुमचं विमान नाही, काका. तुमचं गेट त्या टोकाला. निघा, उशीर होईल."

उशीर हा शब्द ऐकला आणि पाय आपोआप चालू लागले. प्रवासी आत सोडायच्या सात मिनिटं आधी ते आपल्या गेटवर हजर झाले.

विमानात जकातीचा फॉर्म आला. सोबत प्रवास करणाऱ्या कुटुंबीयांची संख्या. याच रकान्यात पहिल्या वर्षी त्यांनी 'एक' लिहिलं होतं. आता सुबक अक्षरात शून्य काढलं. उतरल्यावर अधिकाऱ्याने फॉर्म बघितला, बॅग उघडायला लावली, मलम, कपडे, औषधं खालीवर केली. "खायचं काही आणलंय?"

"नाही."

"कशासाठी आलात?"

"मुलाकडे." अधिकाऱ्याने शिक्का मारला.

मुलगा बाहेर उभाच होता. गाडीत बसल्यावर त्याने मागून एक धुतलेला रिकामा डबा काढून दिला. "आईने विमानतळावर माझ्या हातात कोंबला. म्हणाली, बाबांना दे. आता तुम्ही दुसऱ्या दिवशी पोचणार, तोवर आतलं आंबलं असतं, म्हणून आम्ही घरी येतानाच खाऊन टाकलं. चविष्ट होतं हं."

डबा हातात हलला तसे आत चमचे वाजले.

"आणि गंमत बघा," मुलगा म्हणाला, "एकट्याच्या डब्यात दोन चमचे. मी म्हटलं, आई, दोन कशाला? तर तिने नुसतं झाकण घट्ट लावलं."

"एक खाली पडला तर असावा," घड्याळसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. नाश्त्याच्या वेळी घरचा फोन लागला. ओट्यावर, स्पीकरवर.

"पोचलीस ना? किल्ली मिळाली?"

"नर्सबाईंनी दिली. तुम्ही जेवलात तिकडे, मधे?"

"हो, खाल्लं काहीतरी."

"धाकटीला दूध गार लागतं बरं का."

"माहीत आहे."

मुलाला वाटलं लाइन तुटली. तो पुढे वाकून म्हणाला, "आई, तू आहेस तोवर विचारून घेतो. पाळणाघराला उद्या कळवायचंय. पुढची पाच वर्षं तुम्हाला दोघांना धरून चालू ना?"

घड्याळसाहेब फोनकडे बघत होते. सून टोस्टला लोणी लावायची थांबली होती. "तुझं काय म्हणणं?" त्यांनी विचारलं. आवाज शक्य तितका हळू ठेवला, पण स्पीकरला हळू कळत नाही.

पलीकडे घरातलं भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

"माझं काय," बायको म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

मुलाने वडिलांकडे पाहिलं. सुनेने पाहिलं. मोठ्या नातवाने उगाचच पाहिलं.

"धर," घड्याळसाहेब म्हणाले.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" मुलगा सुनेला म्हणाला. मोकळा झाल्यासारखा त्याने चहाचा मोठा घोट घेतला. "आणि बाबा, आता यापुढे तुमचंही थेट विमानाचंच तिकीट काढतो. त्या मधल्या ठिकाणी पाच तास ताटकळायचं, परत अंगझडती, परत रांग. कशाला हवंय?"

फोन अजून चालूच होता.

"बरं पडेल," घड्याळसाहेब म्हणाले. "मधे उगाच वेळ जातो."