मिस्त्रीजींच्या डोक्यावरचं घमेलं

आमचे मिस्त्रीजी काहीही विचारलं की आधी थकलेलं "हओ" म्हणतात. चहा आणू का? हओ. पंखा बंद पडलाय. हओ. छावणीजवळच्या केंद्रात ते बायकांना गवंडीकाम शिकवतात, मी तिथला कारकून. जन्मभर बांधकामावर विटा वाहिलेल्या बायका इथे पहिल्यांदा हातात थापी धरतात. दिवसभर मातीच्या गाऱ्यात भिंत बांधायची, संध्याकाळी पाडायची, उद्या पुन्हा त्याच विटा. बघून मलाच शीण येतो.

यंदा मोठ गावची एक बाई आली आहे. मिस्त्रीजींनी दाखवायला थापी उचलली की ही आपली थापी खाली ठेवते, घमेलं डोक्यावर घेते आणि त्यांच्यामागे जाऊन उभी राहते. रागावून झालं, समजावून झालं. सवय सुटेना.

काल त्यांनी ते घमेलं काढून घेतलं आणि गमछ्याची चुंबळ करून स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. "हुकुम करो मिस्त्रीजी, का लाएँ, ईंट कि गारा?"

ती लाजली, बाकीच्या हसल्या. मिस्त्रीजींची मान कायम दुखते, म्हणून मी म्हटलं, "रहने दो मिस्त्रीजी." ऐकतात कुठले! अर्धी भिंत होईपर्यंत बाई प्रत्येक वीट पुटपुटत मागत होती. मग ओळंब्याच्या दोरीवर नजर लावून, मागे न बघता तिने हात पसरला आणि ओरडली, "खड़े का हो? ईंट लाओ!"

"हओ," मिस्त्रीजी म्हणाले, आणि पाय ओढत विटांच्या ढिगाकडे निघाले.